खानदेशची रात्रीची खिचडी

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या गावात दिवेलागणीनंतर शिरणाऱ्या परक्या मनुष्याला प्रथम भेटतो तो लसणाच्या फोडणीचा वास. आळीआळीतून तो येत असतो, आणि कोणाच्या घरी काय शिजत आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही. चुलीवर, आणि अलीकडे गॅसच्या शेगडीवर, एकच पातेले चढलेले असते. त्यात तांदूळ, तुरीची डाळ, मूठभर शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, हळद व मीठ एवढाच ऐवज. सकाळी भाकरी-भाजी आणि रात्री खिचडी, असा तिकडील शेतकरी घराचा शिरस्ता आहे. पुण्याकडील मनुष्याला खिचडी म्हटली की आजाऱ्याचे पथ्य तरी आठवते, नाही तर एकादशीचा साबुदाणा. खानदेशी मनुष्याला ते दिवसाचे शेवटचे, पोटभरीचे, आणि खरे सांगावयाचे तर मनापासून आवडीचे जेवण वाटते.

यात एक कोडे आहे. कोकणातील मनुष्य रात्री भात खातो याचे नवल नाही, कारण त्याच्या अंगणापलीकडे भाताचे खाचर असते. परंतु खानदेश हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठची काळी जमीन कापसाला व ज्वारीला मानवते. भाताला लागणारा पाऊस तेथे पडत नाही. असे असता त्या प्रांतातील गरिबांतल्या गरीब घरानेही तांदळाचा पदार्थ रोजच्या रात्रीसाठी का निवडला? राजे, लढाया व तहनामे यांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगावची दप्तरे उकरून काढली आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यासच उभे आहे. तथापि काल रात्री पातेल्यात काय शिजले याचे दप्तर कोणत्याही घराने कधी ठेविले नाही. ते प्रवाशांच्या नोंदींतून, बाजाराच्या हिशेबातून आणि बायकांच्या कामाच्या वेळापत्रकातून जुळवावे लागते.

आधी थोडा भूगोल. ज्याला पूर्वी एकच खानदेश जिल्हा म्हणत, त्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० साली त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्याच्या पश्चिमेचा भाग तोडून नंदुरबार जिल्हा निराळा करण्यात आला. या पश्चिम टोकालाच कोड्याची पहिली किल्ली आहे. सह्याद्री व सातपुडा जेथे एकमेकांच्या जवळ येतात, त्या नवापूरच्या बाजूस पाऊस चांगला पडतो. धुळे-अमळनेरकडे पडणारा पाऊस त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून नवापूर हा खानदेशातील भाताचा कोपरा. डोंगरउतारावरील मावची, कोकणी व भिल्ल शेतकरी तेथे पिढ्यान्‌पिढ्या भात लावीत आले आहेत. ज्वारीच्या मुलुखाच्या दारातच तांदळाचे कोठार होते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

या दारातून गेलेला एक प्रसिद्ध प्रवासी म्हणजे इब्न बतूता. महंमद तुघलकाचा वकील म्हणून तो १३४२ साली दिल्लीहून चीनकडे निघाला आणि दौलताबादेहून खंबायतकडे जाताना नंदुरबारास उतरला. तेथील मराठे लोक कारागिरीत कुशल आहेत, त्यांच्यांत वैद्य व ज्योतिषी आहेत, असे सांगून त्याने त्यांच्या जेवणाविषयी एक नेमकी गोष्ट टिपून ठेविली आहे. तेथील प्रतिष्ठित लोक तांदूळ, भाज्या व तिळाचे तेल खातात, आणि प्राण्यास इजा करणे त्यांना आवडत नाही. सहाशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. तांदूळ आणि तेल, तूप नव्हे. खानदेशी घरात आजही गरम खिचडीवर तुपाऐवजी कच्चे तेल ओतून घेतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही ओळ वाचून क्षणभर थांबावेसे वाटेल. याच प्रवाशाने हिंदुस्थानातील लोक तांदूळ व मूग एकत्र शिजवून, वर तूप घालून, सकाळी न्याहारीला खातात असेही लिहिले आहे, आणि त्या पदार्थाचे नाव ‘किश्री’ असे दिले आहे. मात्र ही किश्री नंदुरबारची म्हणून त्याने सांगितलेली नाही. दोन नोंदी जोडून तिसरीच गोष्ट सिद्ध करण्याचा मोह आवरला पाहिजे. चौदाव्या शतकात पश्चिम खानदेशात वरच्या थरातील लोक तांदूळ व तेल खात होते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

पदार्थ स्वतः त्याहून पुष्कळ जुना. संस्कृतात ‘कृसर’ नावाचा जो पदार्थ आहे त्यात तीळ आणि तांदूळ एकत्र शिजविलेले असत, आणि त्याचाच कडधान्य घातलेला प्रकारही पुढे ओळखीचा झाला. एका भांड्यात धान्य व डाळ शिजविणे यासाठी कोणाला शोध लावण्याची गरज नव्हती. ज्याच्याजवळ एकच भांडे होते त्याला दुसरा मार्गच नव्हता. पंधराव्या शतकात बहामनी राज्यात आलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने, ज्याने एक पावसाळा जुन्नरास काढला होता, इकडे घोड्यांनाही साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी चारतात असे लिहून ठेविले आहे. घोडे त्या काळी समुद्रापलीकडून येत व फार मोलाचे असत, तेव्हा त्यांची खिचडी बऱ्याच माणसांच्या खिचडीपेक्षा सरस असली तर आश्चर्य नाही.

खिचडीत डाळ किती, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघराचा. परंतु तो ध्यानात ठेवून पाहिले म्हणजे पुष्कळ इतिहास उलगडतो. अकबराच्या मुदपाकखान्यातील प्रमाण अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त दिले आहे. पाच शेर तांदूळ, पाच शेर डाळ, पाच शेर तूप आणि एकतृतीयांश शेर मीठ. इतक्यात सात थाळ्या होत. तांदळाइतकी डाळ आणि डाळीइतके तूप! हा पदार्थ तेथे बिनमांसाच्या खाण्यांत मोडत असे. त्याच ग्रंथात खानदेशचेही वर्णन आहे. १६०१ साली असीरगड पडला, फारुकी सुलतानांचे दोनशे वर्षांचे राज्य संपले आणि शाहजादा दानियालच्या नावावरून अकबराने प्रांताला ‘दानदेश’ म्हणविले. तेथे मुख्य पीक ज्वारीचे असून काही ठिकाणी ती वर्षातून तीन वेळा येते, तिचा दांडा इतका गोड की लोक तो फळासारखा खातात, आणि तेथील तांदूळ उत्तम प्रतीचा आहे, असे अबुल फजल सांगतो. म्हणजे ज्वारी पुष्कळ आणि तांदूळ थोडा पण नामांकित, ही खानदेशची ओळख दिल्ली-आग्र्यापर्यंत पोचलेली होती. पुढे १६१८ साली जहांगीर बादशहा गुजराथेत असता त्याला तेथील बाजरीची खिचडी इतकी रुचली की, मांस न खाण्याच्या दिवशी तीच वरचेवर वाढीत जावी असे त्याने फर्माविले. खिचडीला तांदूळच हवा असे नाही, हेही त्यावरून दिसते. आणि खानदेशातही बाजरी ओलवून, कांडून तिची खिचडी करण्याची रीत आहेच.

मग खानदेशचा तो नामांकित तांदूळ खात कोण होते? याचे उत्तर तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दिले आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास त्याने हिंदुस्थानच्या अनेक खेपा केल्या आणि त्याचा प्रवासग्रंथ १६७६ साली पॅरिसला छापला गेला. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा थेट खानदेशातून जाई, आणि या रस्त्यावरील मुक्काम त्याने एकेक करून दिले आहेत. नवापूर हे विणकरांनी भरलेले मोठे गाव असले तरी तेथील मुख्य व्यापार तांदळाचा, असे तो सांगतो. नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या या तांदळाचा दाणा साध्या तांदळाच्या निम्मा. शिजला म्हणजे बर्फाहून पांढरा. आणि वास कस्तुरीसारखा. हिंदुस्थानातील अमीर-उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत, आणि इराणात कोणाला मनाजोगी भेट द्यावयाची तर या तांदळाचे एक पोते न्यावे, असाही त्याचा अनुभव होता.

तोच तावेर्निये दुसऱ्या ठिकाणी शिपायांचे व गरिबांचे रात्रीचे जेवण वर्णितो. तांदूळ व डाळ पाण्यात थोडे मीठ टाकून शिजवितात, आणि शिजल्यावर बोटांची टोके पातळ केलेल्या तुपात बुडवून खातात. अकबराच्या पातेल्यात तूप डाळीच्या बरोबरीने पडत असे. येथे ते बोटाच्या टोकापुरते उरले आहे. नवापूरचा सुवासिक तांदूळ पोत्यात भरून इराणास जात होता, आणि ज्याने तो लावला, उपटला, झोडपला, त्याच्या घरी नागलीची भाकरी होती, असे समजण्यास काही हरकत दिसत नाही. उत्तम धान्य पिकविणाऱ्याने ते विकून हलके धान्य खावे हा प्रकार त्या काळापुरता नव्हता.

तेव्हा अमीरांचा हा तांदूळ खानदेशच्या सामान्य घरात रोजच्या रोज केव्हा शिरला? मराठेशाहीच्या अखेरीस तर प्रांताची दशा फारच वाईट होती. १८०२ पासून होळकरांच्या फौजांची धामधूम, त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांची लूट, यांनी गावेच्या गावे ओस पडली. १८१८ साली इंग्रजांच्या हाती आला तो खानदेश रानाने व्यापलेला होता. तेथे रोज रात्री तांदूळ शिजण्याची गोष्टच नको.

पालट झाला तो कापसाने व आगगाडीने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि चार वर्षे खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळला, पुष्कळांचे दिवाळे निघाले. परंतु शेतकरी कापूस पेरावयाचा थांबला नाही. त्याच दशकात मुंबईची आगगाडी घाट चढून जळगाव-भुसावळपर्यंत आली. १८७० साली मुंबई-कलकत्ता मार्ग पुरा झाला, आणि शतकाच्या अखेरीस तापीच्या काठाने सुरतेहून नवापूर, नंदुरबारमार्गे अमळनेरकडे जाणारी गाडी सुरू झाली. या दोन गोष्टींचा अर्थ स्वयंपाकघरात काय झाला तो पाहण्यासारखा आहे. जो ज्वारी पिकवितो तो ज्वारी खातो. जो कापूस पिकवितो त्याला धान्य विकत घ्यावे लागते, आणि विकत घ्यावयाचे म्हटले की निवड करता येते. मालगाडीने मध्यप्रांताचा तांदूळ आला, पश्चिमेकडून नवापूरकडचा आला, आणि सुवासिक नसला, तुकडा झालेला असला, तरी तो बाजाराच्या दिवशी वाण्याच्या दुकानात मिळू लागला. खिचडीला कणीचा तांदूळ चालतो, किंबहुना अधिक चांगला मिळून येतो, आणि तो अखंड तांदळापेक्षा नेहमीच स्वस्त असतो. अमीरांच्या धान्याचा हा फुटका दाणा गरिबाच्या परवडीचा झाला.

तांदूळ आला तरी डाळ हवी. ती कापसाच्याच शेतात उभी होती. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ घालण्याची खानदेशात फार जुनी वहिवाट आहे. तुरीचे मूळ खोल जाते, ती जमिनीला नत्र देते, आणि कापूस किडीने किंवा पावसाने गेला तरी ती घरापुरते दाणे देऊन जाते. कापूस सावकाराचा आणि तूर घरची, असा हा व्यवहार. पौष-माघात तूर निघाली म्हणजे बायका तिला तेल-पाण्याचा हात लावून उन्हात वाळवीत आणि जात्यावर भरडून वर्षाची डाळ करून ठेवीत. जळणही त्याच शेतातले. वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काट्या यांची गंजी परसात रचून ठेवीत. पऱ्हाटी भडकन पेटते व लवकर संपते. मंद, एकसारखा विस्तव तिचा होत नाही. पण पातेल्याला एक जोरकस उकळी आणून खाली निखारे ठेवण्यास ती पुरेशी असते. खिचडीला त्याहून अधिक काही लागत नाही.

आता कोड्याचा खरा उलगडा. तांदूळ मिळू लागला म्हणून खिचडी आली हे अर्धेच उत्तर झाले. तांदूळ तर नुसता भात करूनही खाता आला असता, आणि ज्वारी तांदळाहून स्वस्तच होती. रात्रीच्या भाकरीची जागा खिचडीने घेतली याचे कारण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या दिवसात शोधावे लागते. कापूस वेचणे हे बहुतेक सर्व बायकांचेच काम. दसऱ्या-दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत सकाळी ओटी बांधून त्या शेतात उतरतात, बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटे ओरखडतात, आणि जितका कापूस वजनात भरेल तितकी मजुरी मिळते, म्हणून दिवस मावळेपर्यंत कोणी घरी परतत नाही. पहाटे उठून जात्यावर दळण, मग दोन्ही वेळच्या शिदोरीच्या भाकरी, मग शेत. अशा दिवसानंतर पुन्हा पीठ मळावयाचे, एकेक भाकरी थापावयाची, तव्यावर टाकावयाची, पाणी फिरवावयाचे, विस्तवाशी उभी करून शेकावयाची! आठ माणसांच्या घराला पंधरा-सोळा भाकरी लागतात, आणि त्या होईपर्यंत भाकरी करणारीला चुलीपुढून हलता येत नाही. शिवाय भाकरीबरोबर कालवण वेगळे. खिचडीला फोडणी दिली, आधण आले, धुतलेले डाळ-तांदूळ वैरले आणि झाकण ठेविले की बाई मोकळी झाली. तेवढ्यात ती लेकराला पाजते, गाईची धार काढते, किंवा नुसती भिंतीला टेकून बसते. एक भांडे चुलीवर चढले आणि एकच भांडे सकाळी घासावयास निघाले. या गोष्टीची नोंद कोणत्याही प्रवाशाने केली नाही, कारण प्रवासी वाढलेले ताट पाहतो.

पुढे १८७० च्या दशकात जळगावास आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरास कापडाच्या गिरण्या निघाल्या. धुळेही गिरणीचे गाव झाले. पाळीवरून सुटलेल्या कामगाराच्या खोलीतही हाच पदार्थ सोयीचा पडला. शेतातील आणि गिरणीतील थकलेल्या माणसांनी रात्रीचे जेवण ठरविले, आणि मग ते व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या व मामलेदाराच्याही घरी गेले. बहुतेक पक्वान्ने वरच्या घरांतून खाली उतरतात; खानदेशात खिचडी खालून वर चढली.

कृती सांगण्यासारखी अवघड नाही, परंतु खानदेशी हाताची दोन-तीन कसबे आहेत. चौघांच्या पोटभर जेवणाला दोन वाट्या तांदूळ व एक वाटी तुरीची डाळ. तूर तांदळापेक्षा उशिरा शिजते, म्हणून ती अर्धा घटका तरी आधी भिजवावी. पातेल्यात शेंगदाण्याचे तेल सढळ हाताने, मोहरी, जिरे, आणि दहाबारा पाकळ्या लसूण ठेचून. लसूण तांबूस होईपर्यंत धीर धरावा, कारण खिचडीची सारी चव तेथे ठरते. मग मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट, आणि तिखट जळण्यापूर्वी पाणी. पाणी डाळ-तांदळाच्या तिपटीहून थोडे अधिक. हंगामात एखादे वांगे किंवा बटाटा चिरून टाकतात. आधणात डाळ-तांदूळ वैरून, दोन उकळ्या आल्यावर विस्तव ओढून घ्यावा आणि झाकणावर चार निखारे ठेवावेत. खिचडी फडफडीत नको व पिठल्यासारखी पातळही नको. वाढताना बाजूला उडदाचा भाजलेला पापड, कैरीचे लोणचे, कांदा. ताक असेल तर कढी.

यातील लाल तिखट व शेंगदाणा ही दोन्ही परकी आहेत, हे येथे नमूद करावयास हवे. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेतून आली, भुईमूगही तिकडचाच, आणि तो खानदेशात मोठ्या प्रमाणावर पसरला विसाव्या शतकात. ज्या ताटाला खानदेशी मनुष्य वाडवडिलांपासूनचे म्हणतो, त्यातील रंग व तेल दोन्ही समुद्रावरून आलेली. त्यात कमीपणा कसला? गोव्यातील ख्रिस्ती घरांत मसाला व व्हिनेगर लावून वाळविलेले डुकराच्या मांसाचे चोरीस तांदळात टाकून एका भांड्यात पुलाव करतात. तेथेही वाळवून टिकविलेली एक तिखट वस्तू आणि तांदूळ एवढ्यावर रात्र निभावते. इंग्रजांनी तर आपली खिचडी विलायतेस नेऊन तिच्यात मासे व अंडी घातली आणि ‘केजरी’ म्हणून सकाळच्या न्याहारीला मांडली. ती चाखून पाहणाऱ्या खानदेशी मनुष्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल!

खिचडीच्या वाट्याला मान मात्र बेताचाच आला. पाहुणा आला तर वरण-बट्टी करतात, पुरण घालतात, वांग्याचे भरीत करतात. खिचडी वाढणे म्हणजे पाहुण्याला घरचा समजणे किंवा त्याची उपेक्षा करणे, यांतले काहीतरी एक. शिवाजी महाराजांना एका म्हातारीने खिचडी कडेने खाण्याचा धडा दिला ही दंतकथा शाळेत प्रत्येकाने ऐकलेली असते. कथा खरी नसली तरी ती रचणाऱ्याने म्हातारीच्या झोपडीत दुसरा कोणताही पदार्थ ठेविला नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

टंचाईच्या काळी या पातेल्याचा कस लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजराथेप्रमाणे खानदेशही होरपळला. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि मुंबई इलाख्यास तिकडून येणारा तांदूळ एकाएकी थांबला. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशन सुरू झाले. ज्या प्रांताने तांदूळ विकत घेऊन रोजचा केला होता, त्याला तो विकतचा आहे याची आठवण झाली. ज्वारीच्या कण्या, कांडलेली बाजरी पुन्हा पातेल्यात आली. १९७२ च्या दुष्काळात तर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागली. अशा वेळी गृहिणीच्या हाती एकच तजवीज असे, आणि ती म्हणजे प्रमाण बदलणे. दोनास एक डाळ होती ती तिनास एक करावयाची, मग चारास एक. पातेले तेवढेच भरलेले दिसते. मुलांना फरक कळत नाही. शरीराला मात्र कळतो. तांदळाच्या प्रथिनात जे घटक उणे असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत जे उणे ते तांदळात. दोहोंच्या मेळाने साधे जेवण पुरते होते. डाळ काढून घेतली की मागे राहतो तो पिवळा भात.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन रुपये किलोने तांदूळ देण्याचे ठरले, आणि २०२३ पासून तो विनामूल्य मिळतो. पण त्या कायद्यात धान्य आहे, डाळ नाही. डाळ बाजारातून आणावी लागते. जळगाव हे डाळ-गिरण्यांचे मोठे केंद्र, नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळालेले. तरीही २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा तूर पिकविणाऱ्या गावातील पातेलीही फिकी पडली. जात्यावर डाळ भरडणे केव्हाच थांबले आहे. शेतकरी अख्खी तूर विकतो आणि पुढे तिचीच डाळ चढ्या दराने विकत आणतो. शाळेतील मुलांचे पाहावे. १९९५ साली सुरू झालेल्या योजनेत महाराष्ट्रात आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या हुकुमानंतर शाळेतच शिजविलेले अन्न देणे आले, आणि ते बहुतेक ठिकाणी खिचडीच्याच रूपाने आले. प्राथमिक शाळेच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ व वीस ग्रॅम डाळ, असे सरकारी प्रमाण. म्हणजे पाचास एक. अकबराच्या मुदपाकखान्यात एकास एक, खानदेशच्या चुलीवर दोनास एक, शाळेच्या पातेल्यात पाचास एक.

तेल या मुलांच्या वाट्याला पाच ग्रॅम येते. घरी मात्र हात अजून सैल आहे. ताटात वाढलेल्या खिचडीच्या मधोमध बोटांनी आळे करावयाचे आणि त्यात कच्च्या तेलाची धार सोडावयाची, ही रीत खानदेशाने मोडलेली नाही. नंदुरबारास तो मोरोक्कोचा प्रवासी आला तेव्हा ते तेल तिळाचे होते. पुढे तिळाच्या जागी भुईमूग आला, घाण्याच्या जागी गिरणी, आणि बरणीच्या जागी दुकानातील पिशवी. आळ्याच्या कडेची खिचडी तेलात ओढून घेत, पापडाचा तुकडा मोडीत, घरातील माणसे अजून त्याच क्रमाने जेवतात. आणि पातेल्याच्या तळाशी लागलेली खरपुडी कोणाच्या वाट्याला यावी यावरून मुलांची भांडणे होतात.